दोन किल्ल्यांचा नियम

गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता मुलाकडे इंग्लंडला गेलो होतो. तो स्विंडनला असतो. पहिल्याच दिवशी, चहाचा दुसरा कप हातात आल्यावर तो हळूच म्हणाला, "बाबा, या महिन्याच्या शेवटी मी माझी जुनी गाडी ट्रॅकवर नेणार आहे. तुम्ही याल ना बघायला?"

छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसऱ्या चहाला हळूच निघणाऱ्या विषयांची धास्ती असते. कर्जदारही खरी मागणी तेव्हाच काढतात. "कुठल्या ट्रॅकवर?" मी विचारलं.

"शर्यतीच्या. कासल कूमला. पण शर्यत नाही हं, आई," तो घाईघाईने म्हणाला, कारण हिने कप खाली ठेवला होता.

ही गाडी म्हणजे १९७३ सालची एमजीबी जीटी. दोन दारं, लांब नाक, मागे उतरतं छप्पर आणि १७९८ सीसीचं इंजिन. १९६२ ते १९८० या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी बनत होती आणि सगळे प्रकार मिळून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. तेव्हा राजेमहाराजांच्या मोटारीची कल्पना कुणी करू नये. मध्यमवर्गाच्या हौसेची ही गाडी. आपल्याकडच्या प्रीमियर पद्मिनीपेक्षा दिमाख थोडा जास्त, इतकंच. मुलाने ती चार वर्षांपूर्वी घेतली. लहानपणी खेळण्यातल्या मोटारी उघडून बसायचा, आता खरी उघडून बसतो.

आणि ट्रॅक डे म्हणजे काय, तेही सांगायला हवं. शर्यतीचा रस्ता त्या दिवशी हौशी लोकांसाठी खुला असतो. पैसे भरायचे, आपली गाडी न्यायची आणि ठरवून दिलेल्या वेळात फेऱ्या मारायच्या. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही, वेळ मोजायला बंदी. ओव्हरटेक करायचं ते नेमून दिलेल्या जागी, एकाच बाजूने, आणि तेही पुढच्याने वाट दिली तरच. समोरून वाहन येत नाही, रिक्षा नाही, म्हैस नाही. सार्वजनिक रस्त्यावर जो वेग हा गुन्हा आणि मूर्खपणा ठरेल, तो अनुभवायची ही कायदेशीर जागा. तिकडचे असे बरेच रस्ते म्हणजे महायुद्धातले विमानतळ. सिल्व्हरस्टोन, गुडवुड आणि कासल कूम, तिन्हींची जन्मकथा हीच. युद्ध संपलं, विमानं गेली, डांबर उरलं आणि त्यावर मोटारी आल्या.

मला हे सगळं अगदीच परकं नव्हतं. १९८६ च्या सुमारास मी मद्रासला होतो तेव्हा शाखेतले सहकारी मला एका रविवारी शोलावरमला घेऊन गेले होते. तीही महायुद्धातली धावपट्टी. रणरणतं ऊन, सायलेन्सर काढलेल्या फियाटींचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि धुळीने माखलेला मी. इरुंगट्टुकोट्टैला खास बांधलेला रस्ता आला तो पुढे १९९० मध्ये. त्या रविवारी सगळे ओरडत होते, मी मात्र एका वळणावर डोळे मिटून घेतले होते. त्याचं कारण शोलावरमला नव्हतं. ते खंबाटकी घाटात होतं.

साताऱ्याला माझा मामा होता. त्याच्याकडे जुनी फियाट होती. आपल्याकडे लोक जिला कौतुकाने 'डुक्कर फियाट' म्हणत, ती. तिची पुढची दारं उलटी उघडायची. बिजागरं मागच्या बाजूला, कडी पुढे. चालत्या गाडीत कडी निसटली तर वारा दार लावत नाही, खेचून उघडतो. १९६८ साली पुण्याहून परतताना घाटातल्या एका वळणावर गाडी घसरली, कठड्याला घासली आणि दोन्ही दारं उघडली. मामा बाहेर फेकला गेला तो करवंदीच्या जाळीत. पायाचं हाड मोडलं, पण पुढे तीस वर्षं जगला. मामीही बाहेर फेकली गेली, ती दगडांवर. तिसऱ्या दिवशी साताऱ्याच्या दवाखान्यात ती गेली.

आता आमच्या घरात या अपघाताची गोष्ट कशी सांगितली जायची, ऐका. "मामा फेकला गेला म्हणून वाचला." बस. पुढे गाड्यांना पट्टे आले तेव्हा घरातले वडीलधारे म्हणायचे, "नको ते पट्टे. त्या दिवशी मामा बांधलेला असता तर गेला असता." आणि मामी? ती तर त्याच दारातून, त्याच क्षणी बाहेर पडली होती. पण तिची नोंद वेगळ्या पानावर. 'नशीब' या खात्यावर. मी बँकेत लागलो, दुहेरी नोंद शिकलो, तरी आमच्याच घरातली ही एकतर्फी नोंद माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षं गेली.

आमचंच घर अडाणी होतं असंही नाही. १९५० च्या दशकातले जगातले मोठमोठे शर्यतपटू अगदी हेच म्हणायचे. गाडी उलटली वा पेटली तर आत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, अशी त्यांची समजूत. शर्यतीत कडक हेल्मेट सक्तीचं झालं तेच मुळी १९५२ मध्ये. व्होल्वो कंपनीतल्या निल्स बोलिन या इंजिनिअरने कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा, तीन ठिकाणी अडकणारा पट्टा १९५९ मध्ये दिला, तरी शर्यतीतल्या मंडळींच्या मनातला करवंदीच्या जाळीवरचा विश्वास लवकर गेला नाही.

तो ज्यांच्यामुळे गेला त्यांत जॅकी स्टुअर्ट यांचं नाव फार वर येतं. १९६६ साली बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत भर पावसात त्यांची गाडी रस्ता सोडून गेली. ते आत अडकले. पेट्रोलची टाकी फुटलेली, अंगभर पेट्रोल, आणि पायावर वाकलेलं स्टिअरिंग निघता निघेना, कारण ते सोडवायला पाना नव्हता. मदतीला कोण, तर शर्यतीतलेच दुसरे दोन ड्रायव्हर, ग्रॅहॅम हिल आणि बॉब बॉन्डुरंट. त्यांनी प्रेक्षकाकडून पाना मागून आणला. सुटका व्हायला पंचवीसेक मिनिटं लागली. एक ठिणगी पडली असती तर? त्यानंतर स्टुअर्ट स्टिअरिंगलाच एक पाना चिकटवून ठेवू लागले आणि पट्टे, कठडे, डॉक्टर यांसाठी आयोजकांच्या मागे लागले. काहींनी त्यांना भित्रा म्हटलं. हा भित्रा माणूस १९६९, १९७१ आणि १९७३ असा तीनदा जगज्जेता झाला.

ही गोष्ट मला मुलानेच सांगितली. सांगताना दाराची घंटा वाजत होती आणि कुरिअरची खोकी घरात येत होती. एकात हेल्मेट, एकात हातमोजे, एकात छोटं अग्निशामक नळकांडं आणि सर्वांत मोठ्या खोक्यात लाल रंगाचा चार पदरी पट्टा, शर्यतीतला असतो तसा. दोन पट्टे खांद्यांवरून, दोन कमरेला. माझी सहा वर्षांची नात ती खोकी दिवाळी असल्यासारखी उघडत होती. मलाही बरं वाटलं. पोरगं काळजी घेतंय. हिचासुद्धा चेहरा जरा निवळला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे आजोबा आले. पंचाहत्तरीचे गृहस्थ, आयुष्य मोटारींच्या कारखान्यात फिटर म्हणून गेलेलं. मुलाने हौसेने सगळी सामग्री मांडून ठेवली होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. एक जुना स्क्रू-ड्रायव्हर मागून घेतला, गुडघ्याखाली गोणपाट टाकलं आणि गाडीच्या दाराखाली जो लांब, पोकळ, पत्र्याचा पट्टा असतो, ज्याला तिकडे सिल म्हणतात, तो टोचत टोचत ते पुढे सरकू लागले. टक्, टक्, टक्. आणि मग आवाज न होता स्क्रू-ड्रायव्हर आत गेला. रंग नवा कोरा, आत गंजाचा भुगा. एमजीबीला वेगळी सांगाडी चौकट नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा कणा. सिल गेली म्हणजे मणका गेला.

मी म्हटलं, "पण दरवर्षी तपासणी होत नाही का?" तेव्हा कळलं की ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही. सरकारने मालकावर विश्वास टाकला आहे. विश्वास ही चांगलीच गोष्ट. पण आमच्या धंद्यात विश्वासाच्या खात्याची तपासणी जास्त कडक करत असत.

मग आजोबांनी तो लाल पट्टा हातात घेतला आणि मुलाला एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पट्टा कशाला बांधणार? मागच्या फरशीला. फरशी कशाला जोडलेली? सिलला. सिल कशी आहे? मुलगा गप्प. बरं, फरशी शाबूत आहे असं धरू. खांद्यावरचा पट्टा पाठीमागून सरळ खाली फरशीकडे नेला तर धडकेच्या वेळी तो माणसाला मागे धरणार नाही, खाली दाबेल. म्हणजे पाठीचा कणा चेपेल. तो पट्टा खांद्यापासून मागे जवळपास आडवा जायला हवा. म्हणजे तिथे मजबूत आडवी नळी हवी. शिवाय खांद्याचे पट्टे ताणले की कमरेचा पट्टा वर सरकून कंबरेच्या हाडावरून पोटावर येतो. तो खाली धरून ठेवायला पायांमधून आणखी पट्टे लागतात, त्यासाठी वेगळी सीट लागते. या पट्ट्याने माणूस ताठ बांधला जातो. गाडी उलटून छप्पर दबलं तर त्याला बाजूला झुकता येत नाही. म्हणजे आत पोलादी नळ्यांचा पिंजरा हवा. पिंजरा बसवला की एरवी रस्त्यावर, हेल्मेटशिवाय जाताना, साध्या धडकेतही उघडं डोकं त्या नळीवर आपटणार. आणि धड इतकं घट्ट बांधलं की पुढे जायला फक्त डोकं मोकळं राहतं, त्यावर हेल्मेटचं वजन. तो सगळा हिसका मानेला.

मानेच्या या हिसक्याचीही एक कथा आहे. रॉबर्ट हबर्ड हे मिशिगनमधल्या विद्यापीठात शरीराच्या यंत्रशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्यांचे मेहुणे जिम डाउनिंग शर्यतपटू. १९८१ मध्ये त्यांचा एक शर्यतपटू मित्र डोक्याच्या अशाच दुखापतीने गेला. तेव्हा दोघांनी मिळून खांद्यांवर बसणारी एक कॉलर तयार केली. हेल्मेट दोरांनी तिला जोडायचं आणि खांद्याच्या पट्ट्यांनी ती जागेवर दाबून धरायची. तिला हॅन्स म्हणतात. पुष्कळ वर्षं ती कुणी मनावर घेतली नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोनाला डेल अर्नहार्ट गेले, कवटीचा तळ फुटून. त्यानंतर अमेरिकेतल्या त्या मोठ्या शर्यतमालिकेत मानेची अशी साधनं सक्तीची झाली आणि २००३ पासून फॉर्म्युला वनमध्ये हॅन्स आली.

हे सगळं ऐकताना मला आमच्या शाखेतली स्ट्राँगरूम आठवली. तिला दोन कुलपं असतात. एक किल्ली शाखाधिकाऱ्याकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. कुणा एकट्याला दार उघडता येऊ नये, यासाठी. एका शाखेत मी नवा हजर झालो तर दोन्ही किल्ल्या एकाच टेबलाच्या खणात! कॅशियरला दमा होता, वारंवार जिना चढायला नको म्हणून सोयीसाठी कुणीतरी सुरू केलेलं. कुलपं दोन, रजिस्टरवर सह्या दोन, आणि सगळे निर्धास्त. कुलूपच नसतं तर निदान कुणीतरी रात्री जागत बसलं असतं. ती गोष्ट चोराच्या आधी माझ्या लक्षात आली, एवढंच नशीब.

त्या लाल पट्ट्याचं तेच होतं. पट्टा, सीट, फरशी, पिंजरा, हेल्मेट, कॉलर या एकाच कुलपाच्या किल्ल्या आहेत. सगळ्या असतील तर माणूस भयंकर धडकेतूनही चालत बाहेर येतो. त्यातली एकच घेतली तर ती निम्मी सुरक्षितता होत नाही. कधी कधी ती नव्या इजेची सोय होते, आणि वर माणसाला वाटतं, आपण काळजी घेतली आहे. म्हणून तो दहा मैलांनी वेग वाढवतो.

मे महिन्याचा बेत रद्द झाला. भरलेले पैसे बुडाले. मुलगा दोन दिवस कुणाशी बोलला नाही आणि मी, खोटं कशाला बोलू, मनातून खूष होतो. "आता विक ती गाडी," असं म्हणायच्या बेतात होतो. पण हिने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अहो, कागदपत्रं अपुरी असली की तुम्ही अर्ज परत पाठवत होतात ना? का त्या माणसाने कर्ज मागायचंच नाही असं म्हणत होतात?" मी गप्प बसलो. रात्री जेवताना ती मुलाला म्हणाली, "जे काम निघालंय ते नीट करून घे. मग जा. मी सांगते बाबांना."

मग सारा उन्हाळा आम्ही बापलेक गॅरेजमध्ये होतो. माझं काम हत्यारं देणं आणि वहीत नोंदी करणं. कुजका पत्रा कापून नवी सिल वेल्ड केली. लाल पट्टा परत पाठवला. त्या जागी नवे, साधे तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवले, मूळच्या जागी, मूळच्या सीटला. आजोबांचा सल्ला असा की अर्धवट शर्यतीची गाडी करण्यापेक्षा पूर्ण रस्त्याची गाडी ठेव, आणि वेग त्या पट्ट्याला झेपेल इतका ठेव.

वहीतल्या काही नोंदी सांगतो, कारण जुनी गाडी बाळगणाऱ्या कुणालाही त्या उपयोगी पडतील.

ब्रेकमधलं तेल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं ताजं तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा दंडक. तेच पाणी शोषलेलं असलं की मर्यादा १५५ अंशांवर येते. भराभर चार वळणं ब्रेक दाबत घेतली की तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. पाय थेट फरशीवर. म्हणून तेल ताजं, रबरी नळ्या नव्या. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या गाडीच्या टायरची नक्षी नव्यासारखी होती, पण तारीख निघाली सतरा वर्षांपूर्वीची. रबर हे लोणच्यासारखं मुरत नाही, पापडासारखं कडक होतं. टायर बदलले.

पेट्रोलचा पंप विजेवर चालतो. धडकेत इंजिन बंद पडलं तरी तो बिचारा इमानाने पेट्रोल फेकत राहतो. त्याला हिसका बसताच वीज तोडणारा स्विच बसवला. ब्रिटनमध्ये २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आपल्याकडे तर आता वीस टक्के. जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, म्हणून त्याही बदलल्या. गाडीतून सगळ्या सुट्या वस्तू काढल्या. अग्निशामक नळकांडं पोलादी पट्टीत, बोल्ट लावून. सीटखाली सुटं ठेवलेलं नळकांडं म्हणजे ब्रेकच्या पेडलखाली घरंगळत जाणारा लोखंडी गोळा.

हेल्मेटच्या आत एक चिकटपट्टी असते. १९५६ मध्ये पीट स्नेल नावाचा शर्यतपटू हेल्मेटने दगा दिल्याने गेला. त्याच्या मित्रांनी पुढच्या वर्षी त्याच्या नावाने हेल्मेट तपासणारी संस्था काढली. तिचा 'एसए' शिक्का मोटारीसाठी, 'एम' मोटारसायकलसाठी. मोटारीच्या हेल्मेटला आगीची आणि पिंजऱ्याच्या नळीवर आपटण्याची जास्तीची परीक्षा द्यावी लागते. जुनं हेल्मेट विकत घ्यायचं नाही. ते पूर्वी कशावर आपटलं, ते सांगत नाही.

आणि कपडे. ट्रॅकवर हात-पाय झाकलेले हवेत. शर्यतवाल्यांना आगीला तोंड देणाऱ्या धाग्याचा पोशाख असतो, हौशी माणसाला निदान सुती कपडे हवेत. मुलाने धावण्याचा चकचकीत टीशर्ट काढला तेव्हा हिने तो हातातून घेतला. स्टोव्हच्या भडक्यात नायलॉनची साडी अंगाला चिकटून भाजलेल्या बायका आमच्या पिढीने वाड्यावाड्यांतून पाहिल्या आहेत. नायलॉन नुसतं जळत नाही, वितळतं आणि कातडीला धरून बसतं. हे सांगायला हिला कुठलंही पुस्तक लागलं नाही. तिने सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट इस्त्री करून ठेवला. मला वाटतं, तिची परवानगी खरी मिळाली ती त्या इस्त्रीत.

सप्टेंबरमधल्या एका ढगाळ सकाळी आम्ही कासल कूमला पोचलो. आधी गाडीच्या आवाजाची मोजणी. मग सह्या. साधा विमा अशा ठिकाणी सहसा लागू होत नाही, म्हणून मुलाने वेगळा घेतला होता. तो कागद मी दोनदा वाचला. मग सगळ्यांना एका खोलीत बसवून नियम सांगितले. पिवळं निशाण दिसलं की पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल दिसलं की हळूहळू आत या. निळं म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, वाट द्या. काळं म्हणजे तुमच्याशीच बोलायचं आहे. मग शिक्षकाच्या गाडीमागून सावकाश ओळखीच्या फेऱ्या.

दुपारी मुलगा म्हणाला, "बाबा, बसता?" हेल्मेट मागून आणलं, हनुवटीखालचा पट्टा मुलाने स्वतः आवळला. लहानपणी मी त्याच्या बुटाची नाडी बांधायचो, तितक्याच मन लावून. तीनेक किलोमीटरचा तो रस्ता. क्वारी नावाच्या वळणाआधी रस्ता चढतो आणि पुढचं दिसत नाही. शोलावरमला मी डोळे मिटले होते. इथे उघडे ठेवले. मुलगा बडबड करत नव्हता, दात-ओठ खात नव्हता. चढाच्या अलीकडेच, सरळ रेषेत, त्याने ब्रेक दाबला, मग गाडी वळवली. आम्हाला तीन गाड्यांनी मागे टाकलं. प्रत्येकीला त्याने हात दाखवून वाट दिली.

चौथ्या फेरीत तो म्हणाला, "पेडल जरा खोल जातंय." एवढंच. लगेच वेग उतरवला आणि पुढची पूर्ण फेरी ब्रेकला हात न लावल्यासारखी, वाऱ्यावर गाडी थंड करत घेतली आणि आत आला. त्याच्या वाट्याची पाऊण तासाची वेळ शिल्लक होती. मी म्हटलं, "थोडं थांबून पुन्हा जा हवं तर." हे माझ्याच तोंडून निघालं याचं मला आश्चर्य वाटलं. तो म्हणाला, "नको बाबा, आज पुरे."

इकडे परत आल्यावर मी लोकांकडे नव्या नजरेने बघतो. पट्ट्याच्या खाचेत नुसती रिकामी चकती अडकवून गाडीची पिरपिर बंद करणारे बघतो. त्यांच्या गाडीत सहा-सहा एअरबॅग असतात. पण एअरबॅग ही पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते, नुसती ती एकच किल्ली. हनुवटीचा पट्टा न लावता डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट बघतो. आजोबांच्या मांडीवर, पुढच्या सीटवर, हौसेने बसलेला नातू बघतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघात झाला; मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते असं पोलिसांनी सांगितलं. पुढे बसलेले दोघे जखमी झाले, मागचे दोघे गेले. त्यानंतर आठ दिवस सगळे मागे पट्टा लावत होते.

मामी गेली तेव्हा मी लहान होतो. तिच्या हातच्या शेवयांची खीर आठवते, चेहरा नीट आठवत नाही. या प्रवासाहून आल्यावर मी घरातल्या मंडळींना एकदा स्पष्ट सांगितलं की मामा फेकला गेला म्हणून वाचला नाही. फेकला जाऊनही वाचला. आणि मामी फेकली गेली म्हणून गेली. नोंद आता जमेला जमा, नावेला नावे, अशी पुरी झाली. त्याने मामी परत येत नाही, हे मला कळतं.

कासल कूमची एक गोष्ट राहिली. तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढायचा नसतो. ब्रेकचे तापलेले भाग एकमेकांना धरून बसतात, गाभ्यात उष्णता कोंडते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला अडसर लावायचा असतो. त्यासाठी आजोबांनी लाकडाचा एक ठोकळा करून दिला होता आणि तो लावण्याचं काम मुलाने माझ्याकडे सोपवलं होतं. गाडी थांबल्यावर मी खाली उतरलो, वाकलो आणि ठोकळा मागच्या चाकाला लावला. खंबाटकी घाटात चढावर बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली क्लीनर दगड लावायचे, तसाच. मग हात झटकले आणि मुलाला खूण केली. त्याने ब्रेकवरचा पाय काढला. गाडी तसूभर मागे सरली आणि थांबली.